मेडशीच्या थांब्यावरची बाई

१

हरिसिंग नाईक मेला तेव्हा त्याच्या गालांवर लाली होती.

संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. मेडशीच्या थांब्यावर असं धुकं उतरलं होतं की उभी मोटार शेकोटीपासून नुसती काळी सावली दिसत होती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून रिसोड-अकोला मोटारीच्या पाठीला कोळशाचा उंच बंब बसवला होता. बंबात कोळसा धुमसायचा, त्याचा गॅस फळ्यांखालच्या पाइपातून इंजिनात जायचा आणि गाडी खोकत खोकत चालायची. मेडशीला राख काढायची, नवा कोळसा भरायचा, बंबाला लावलेला दांड्याचा पंखा फिरवून विस्तव फुलवायचा आणि तोवर उतारूंनी शेकोटीपाशी चहा प्यायचा, हा रोजचा नेम.

त्या दिवशीही सगळे उतरले. हरिसिंगच्या अंगात ताप होता, तो तेवढा मागच्या बाकावर घोंगडी लपेटून बसून राहिला. थंडी आत येऊ नये म्हणून ताडपत्रीचे पडदे खाली बांधलेले होते.

ड्रायव्हर रऊफनं भोंगा वाजवला. लेकीकडे तुपाची बरणी घेऊन निघालेली तुळसाबाई सगळ्यांत आधी चढली, आणि तिची किंकाळी ऐकू आली.

मालेगाव ठाण्याचे शालिग्राम जमादार सरकारी कामाला अकोल्याला चालले होते. चहाची कपबशी तशीच टाकून ते धावले. त्यांनी पडदे फाडल्यासारखे वर केले. हरिसिंग बाकाला टेकून बसला होता. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही, घोंगडीची घडीसुद्धा विस्कटलेली नाही. शेजारी चहाचा पेला भरलेला, वर साय धरलेली. हात अजून उबदार होता. आणि चेहरा? पिकल्या पानासारखा म्हातारा, पण गाल आणि ओठ असे लाल, जणू आत्ताच कुणी गुलाल लावून गेलं असावं.

असा मेलेला माणूस आपण पूर्वी कधीतरी पाहिला आहे, असं शालिग्रामना वाटलं. पण कुठे, ते आठवेना.

खाली तुळसाबाई कपाळ दाबून मातीतच बसली होती. धुक्यातून कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, "बाईनं नेला."

२

थांब्यावरच्या बाईची गोष्ट थंडी सुरू झाल्यापासून रिसोडपासून पातूरपर्यंत पसरली होती. मोटार मेडशीला उभी राहिली की पडद्याबाहेर कुणीतरी फिरतं, आपल्याला नावानं हाक मारतं. काहींना हिरव्या लुगड्यातली बाई दिसली, काहींना आपलंच मेलेलं माणूस.

शालिग्रामनी कुणालाही जाऊ दिलं नाही. शेकोटीभोवती बसवून एकेकाला विचारायला सुरुवात केली.

सगळ्यांच्या नजरा आधी रऊफकडे वळल्या. सकाळी मालेगावला हरिसिंग आणि त्याची बोलाचाली झाली होती. तापामुळे म्हाताऱ्याला पुढं, इंजिनाच्या उबेला बसायचं होतं. रऊफनं त्याला मागं हाकललं.

"पुढची सीट मी तुमच्यासाठीच ठेवली होती जमादारसाब," रऊफ म्हणाला. "मले काय ठावं असं होईन? खुदा कसम, मी त्याले बोटबी लावलं नाई."

त्या उबेला शालिग्राम स्वतः बसले होते.

"चहा कोणं नेला त्याले?"

"मी," उकंडराव म्हणाला. हा कोळशाचा ठेकेदार. रानात त्याच्या भट्ट्या होत्या आणि मोटारीचा बंबही तोच भरत असे. चांगला कोट, गळ्याला मफलर, डोळे रडून सुजलेले. "जुनी वळख होती आमची. म्हटलं तापात हाय, घोटभर घेईन. हातात पेला देल्ला अन् बंबाकडं गेलो. जमादार, त्या बाईले मी सोता पाह्यलं हाय. परवाच. बंबामागून निंगाली. हातात बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. मले म्हणे, जागा सोड. मी रामाचं नाव घेतलं तशी धुक्यात गेली."

तुळसाबाईनं मान वर केली. "मंग तुमचं डोकं नाई दुखलं?"

"डोकं काहून दुखन?"

"माह्यं तं फुटाले आलतं बाप्पा. मले दोनदा दिसली, संक्रांतीच्या आंधी. मागच्या बाकावरच होती मी. माह्यी मेलेली सासू पडद्याआडून हाका मारे. उठाले गेली तं पाय उचलत नाई. खाली पडल्यावानी उतरली, वकली, तवा जीव थाऱ्यावर आला. संक्रांतीपासून मातर नाई दिसली. काल ह्याच गाडीनं आली मी, याच बाकावर बसून."

"अन् आज?"

"आज चढली तसं कपाळ गच्च झालं. अजून दुखून राह्यलं."

शालिग्रामनी विस्तवात काटकी सारली. एक गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. मार्गशीर्षात याच थांब्यावर, त्याच बाकावर पडदे लावून ते बसले असता कुणीतरी ताडपत्रीवर नखानं ओरखडलं होतं. मग आवाज आला होता, अगदी कानाशी. "शाल्या, उठ ना बे. किती झोपतं?" तो आवाज रतनसिंगचा होता. पहिल्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला त्यांच्यासोबत लॉरी हाकणारा, तिथंच मेलेला, तिथंच पुरलेला रतनसिंग.

३

बसऱ्याच्या वाळूत लॉऱ्या दुरुस्त करता करता शालिग्राम एक गोष्ट शिकले होते. गाडी बिघडली की आधी पाना उचलायचा नाही. आधी विचारायचं, ती केव्हा बिघडते आणि केव्हा बिघडत नाही. पोलिसात आल्यावर चोऱ्यामाऱ्यांतही त्यांना तीच रीत कामी आली. भुताला ती लावून पाहायची वेळ मात्र आजच आली होती.

त्यांनी रऊफला मोटारीमागं नेलं. "संक्रांतीच्या आंधी गाडी कशी चाले?"

रऊफला प्रश्नाचा रोख कळेना. "सपाटीवर बरी. चढ लागला का दम तुटे. मेडशीचा चढ तं उतारू ढकलत. मंग भोगीच्या दिवशी रिसोडले वहाब मिस्त्रीनं पाह्यलं. मागच्या बाकाखाली पाइपाचा जोड हाय, त्याची फट बुजवायची दोरी जळून गेलती अन् वरची लोखंडी पट्टी सैल पडलती. नवी दोरी भरली, पट्टी आवळली. तवापासून गाडी हरणावानी चढते."

"आजबी चढली."

"तुमी तं बाजूलेच होते. एकदाबी थांबली नाई."

शालिग्राम खाली वाकले. राख काढायच्या दारापाशी उकिडवं बसलं की जोडापर्यंत सहज हात पोचत होता. त्यांनी पट्टी हलवून पाहिली. हलेना. दोरी नवी, पांढरी, पट्टी घट्ट. त्यांनी रऊफला पंखा फिरवायला लावला आणि जोडाजवळ जळती काडी धरली. ज्योत सरळच राहिली. कुठंही फुंकर नव्हती. सगळा पाइप काजळीनं काळा होता, फक्त पट्टीच्या बोल्टाच्या कडा लख्ख चमकत होत्या.

"पाना कुठं राह्यते?"

"बंबाच्या डब्यात. पण आज कोणाले लागलाच नाई."

"अन् आज थांबा लांबला काहून?"

"कोळसा ओला निंगाला म्हणे. इस्तो धरेना. उकंडरावनं गंज येळ पंखा फिरवला."

उरलेलं पोतं शेजारीच होतं. शालिग्रामनी त्यातला एक तुकडा घेऊन बंबावर आपटला. तो काशाच्या भांड्यासारखा खणखणला.

रऊफ त्यांच्या तोंडाकडं बघत होता. धुकं पुन्हा दाटून आलं होतं, बंबातला विस्तव आतल्या आत सुस्कारत होता. "साब," तो कुजबुजला, "पाइप तं ठीक हाय. मंग त्याले मारलं कोणं?"

४

निरोप गेल्यावर हरिसिंगची बहीण जमनी तांड्यावरून छकड्यातनं आली. हातभर बलोती बांगड्या, आरशांची ओढणी, म्हातारीचा चेहरा कोरडा. ती भावापाशी बसली. त्याच्या गालावरून तिनं बोट फिरवलं आणि रडायच्या ऐवजी ती मागं सरकली.

"असंच झालतं," ती म्हणाली. "माह्या सोमलाचं तोंड असंच झालतं."

शालिग्राम तिच्यासमोर बसले. "कोण सोमला?"

"माह्या मोठा लेक. उकंडरावच्या भट्टीवर होता. दिवाळीच्या मांघं भट्टी थंडी नाई झालती, तरी त्याले कोळसा काढाले आत धाडला. आंधीपासूनच तिथले मानसं म्हणत, भट्टीत कोणी हाका मारते, डोकं धरते. उकंडराव आयके नाई. सोमला बाहीर आलाच नाई. ह्या दादानं पायाले धरून वढला तवा असाच लाल होता, नवरदेवावानी. उकंडराव म्हणे, ताप आलता त्याले. भट्टीचं नाव घेसान तं तांड्याले रानात पाय ठेवू देनार नाई."

"हरिसिंग अकोल्याले कायले चालला होता?"

"पोलिसच्या मोठ्या साहेबाले सोमलाचं सांगाले. इतके दिस तांड्याच्या पोटासाठी गप बसला. झोप नाई लागे त्याले. काल उकंडरावच्या घरी गेला अन् त्याच्या तोंडावर सांगून आला का उद्या मी जातो. मी म्हटलं, त्याले कायले सांगतं? तं म्हणे, मी काय चोर हावो का?"

शालिग्रामना आठवलं. बसऱ्याची ती गारठलेली पहाट, बांधून घेतलेला तंबू, मध्ये विझत आलेली कोळशाची शेगडी. रतनसिंग कुशीवर झोपलेला, गाल पोरासारखे लाल. त्यांनी त्याला हलवलं होतं, शिवी दिली होती, मग ओरडत बाहेर पळाले होते. डॉक्टर साहेबानं शेगडीकडं बोट दाखवलं होतं. धूर दिसत नाही, वासही येत नाही, तो म्हणाला होता. आधी डोकं जड होतं, मग भलतंसलतं दिसतं, मग माणूस झोपतो.

त्यांनी उठून उकंडरावकडं पाहिलं. तो शेकोटीपाशी लोकांना पुन्हा बांगड्यांची गोष्ट सांगत होता.

५

"उकंडराव," शालिग्राम म्हणाले, "तुमी बाईले पाह्यलं हाय. मलेबी पाहायची हाय. चला, बसू दोघं."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे बघत होते. दोघं मागच्या बाकावर बसले. शालिग्रामनी रऊफला पडदे बांधायला सांगितलं. आत अंधारलं. फळ्यांच्या फटींतून पाइपाची ऊब वर येत होती. हरिसिंगला बाहेर चटईवर निजवलं होतं, पण बाकावर त्याची घोंगडी तशीच होती. उकंडराव तिला अंग लागू न देता बसला.

शालिग्रामनी खिशातून पाना काढून मांडीवर ठेवला. मग आवाज दिला, "रऊफ, पंखा फिरव."

पंख्याचा घूं घूं आवाज सुरू झाला. पडद्याला बाहेरून धुकं लागत होतं आणि ताडपत्री कुणी श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत होती. उकंडरावनं मफलर सैल केला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. पाना दिसल्यापासून त्याची नजर एकाच जागी खिळली होती.

"बाई तं पडद्याबाहीर येते म्हणता," शालिग्राम शांतपणे म्हणाले. "मंग तुमी पायाखाली काय पाहून राह्यले?"

"काई नाई. हवा नाई इथं. पडदा उघडा."

"थांबा की. आता हाक मारन."

उकंडराव ताडकन उठला. शालिग्रामनी त्याचा हात धरून खाली बसवला. पंखा फिरतच होता. आणि मग तो माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला, "पट्टी आवळ! रऊफ, पंखा बंद कर, पट्टी आवळ रे!"

पंखा थांबला.

"कोणती पट्टी, उकंडराव?" शालिग्रामनी विचारलं. "मी तं पट्टीले हातबी नाई लावला."

पडदे वर गेले. उकंडराव बाकावर कोसळून हुंदके देत होता. रऊफनं आणि दोघा उतारूंनी त्याला खाली उतरवून थांब्यावरच्या झाडाला बांधलं. शालिग्राम लोकांकडं वळले.

"गाडी चालू असली का इंजिन पाइपातून ओढते. जोड सैल असन तं बाहीरची हवा आत घुसते, गॅस पातळ होते, गाडीचा चढावर दम तुटते. पण गाडी थांबली अन् पंखा फिरवला का तेच भोक उलटं बाहीर फुंकते, बरोबर मागच्या बाकाखाली. त्यात पडदे बंद. गाडी चढावर मरे अन् मानसं थांब्यावर भुतं पाहत. भोक एकच होतं. वहाब मिस्त्रीनं ते भोगीले बुजवलं अन् तुळसाबाईची सासूबी त्या दिवसापासून गेली."

"मंग आज?" तुळसाबाईनं विचारलं.

"आज गाडी चढ सुदी चढली, मी सोता पाह्यलं. म्हंजे इथं येईपर्यंत जोड बंद होता. आताबी बंदच हाय. मधात उघडला, तो इथंच. तवा गाडीमागं एकच मानूस होता. कोळसा ओला नव्हता, तरी पंखा फिरवत राह्यला. बोल्टावरची काजळी पान्यानं घासल्या गेली. अन् बाई जिले दिसली, ज्याले दिसली, त्याचं डोकं दुखलं. ह्याले परवा दिसली, भोक बुजल्यावर दिसली, अन् डोकं काहून दुखन म्हणून इचारते. बाईची गोष्ट जिती राहावी म्हणून रचलेली थाप ते."

रऊफचा चेहरा पडला. "कोणता जोड सैल होता हे मीच त्याले सांगतलं, साब. सहज बोलता बोलता."

"भट्टीत सोमला मेला तवा ह्याले समजलं का ह्या हवेनं मानूस कसा मरते. बाकीचं तुह्याकडून समजलं."

जमनी पुढं आली. तिला उकंडरावकडं बघायचंही नव्हतं. धुक्यात रानाच्या दिशेला हात करून ती म्हणाली, "जमादार, आज नवी भट्टी फोडून राह्यले तिथं. माह्या धाकटा उदयसिंग तिथं हाय. मामा गेला हेबी त्याले ठावं नाई."

शालिग्रामनी उकंडरावची हनुवटी धरून तोंड वर केलं. "भट्टी थंडी झाली का?"

उकंडरावनं डोळे मिटले.

६

बंबाचा विस्तव पुरता फुलला नव्हता. रऊफनं सीटखाली दडवलेली पेट्रोलची बाटली काढली आणि इंजिनात ओतली. गाडी अशी सुटली की मोकळे पडदे दोन्ही बाजूंनी फडफडत राहिले. बैलगाडीच्या चाकोरीतून, पळसाच्या खुंटांवरून धडका खात ती भट्टीच्या मोकळ्या जागेवर पोचली तेव्हा चार-सहा माणसं घुमटाच्या तोंडाशी घुटमळत उभी होती. तोंड फोडलेलं होतं.

"उदया कुठं हाय?" जमनी ओरडली.

"आत हाय. केव्हाचा गेला. हाका मारल्या, बोलत नाई."

शालिग्रामनी छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं आणि वाकून आत शिरले. काळोख. पायाखाली कोळसा करकरला. त्यांनी हात पुढं केला आणि तो माणसाच्या केसांना लागला. पोरगा मागच्या भिंतीपाशी नव्हता. दाराकडं तोंड करून, हात पुढं टाकून पालथा पडला होता, बाहेरच्या उजेडापासून अगदी हाताच्या अंतरावर. शालिग्रामनी काखेत हात घातला, रऊफनं बाहेरून ओढलं.

त्याला उघड्यावर निजवलं. गाल लाल, ओठ लाल. जमनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लेकाचं नाव घेत राहिली. रऊफ त्याची छाती दाबत होता, सोडत होता. मग उदयसिंगच्या घशातून घरघर निघाली, तो कुशीवर वळला आणि ओकला. शालिग्राम मटकन खाली बसले.

उकंडराववर अकोल्याला खटला उभा राहिला. शालिग्रामनी पट्टी, पाना, पंखा सगळं सांगितलं. वहाब मिस्त्रीनं जोड कोर्टात आणून दाखवला. जमनीनं दोन मरणांची साक्ष दिली. उकंडरावला जन्मठेप झाली आणि त्याच्या भट्ट्यांना सील लागलं.

उदयसिंगची साक्ष शेवटी झाली. भट्टीत तो कुठवर गेला होता, हे जज्ज साहेबांनी विचारलं. अगदी मागच्या भिंतीपर्यंत, तो म्हणाला. डोकं जड झालं, तिथंच बसावंसं वाटलं.

"मग तोंडाशी कसा आलास?"

"मामानं हाक मारली. बाहीरून. म्हणे, उदया, तिथं नको बसू, माह्याकडं ये."

कोर्टात कुजबुज झाली. साहेबांनी शालिग्रामकडं पाहिलं. विषारी हवेनं माणसाला काय काय ऐकू येतं, ते जमादारांनीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं.

साहेब पोराकडं वळून सावकाश म्हणाले, "तुझा मामा तर तेव्हा मेला होता."

"व्हय साहेब," उदयसिंग म्हणाला. "मले मंग समजलं ते. पण उठलो मी त्याच्याच हाकेनं."